आठ फुटांनी मोठी, चौपट जड

परदेशात नोकरीला गेलेली आपली मुलं वीकेंडला शिडाची बोट चालवायला शिकतात, छोटी बोट घेतात आणि वर्षभरात त्यांना मोठीचे वेध लागतात. सेकंडहँड मोठी बोट घेण्याआधी काय काय वाजवून, वाकून आणि वास घेऊन बघायचं, त्याविषयी…

अमेरिकेतल्या बोटवाल्यांमध्ये एका आजाराची फार चेष्टा चालते. त्याला ते ‘टू-फूट-आयटिस’ म्हणतात. लक्षण एकच. आपली बोट कितीही फुटांची असो, शेजारच्याची दोन फूट मोठी बोट दिसली की पोटात कालवाकालव सुरू होते. वन बीएचके घेतलेल्या माणसाला टू बीएचकेची जाहिरात दिसल्यावर जे होतं, तेच हे.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात राहणारी काही मराठी मंडळीही या आजारातून सुटलेली नाहीत. एमएस करायला गेलेली, मग तिकडेच नोकरीला लागलेली. लहानपणी समुद्राशी संबंध म्हणजे अलिबागला गुडघाभर पाण्यात उभं राहून काढलेले फोटो. तिकडे गेल्यावर कुणीतरी बर्कलीच्या मरीनात ओढून नेतं. तिथे स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारा कॅल सेलिंग क्लब आहे, इतरही शाळा आहेत. दोन-चार वीकेंड धडपडलं की शीड म्हणजे काय ते कळायला लागतं आणि मग सेकंडहँड कॅटालिना २२ येते. ही बोट १९७०च्या आसपास कॅलिफोर्नियातच बनायला लागली आणि पुढे पंधरा हजारांहून जास्त विकली गेली. स्वस्त, साधी, गाडीमागे ट्रेलरवर टाकून नेता येणारी. आपल्याकडच्या जुन्या स्प्लेंडरसारखी. कुणीही चालवावी, कुणीही दुरुस्त करावी.

तिच्यावर एक उन्हाळा मजेत जातो. मग रात्री एंजल आयलंडला मुक्काम करायची हौस येते आणि कळतं की आत ताठ उभं राहता येत नाही, चहाचं आधण ठेवायला जागा नाही आणि ‘जायचं’ असेल तर पंचाईतच. तेवढ्यात कुठेतरी पाटी दिसते : कॅटालिना ३०, १९८४चं मॉडेल, डिझेल इंजिन, सहा फुटी माणूस आत उभा राहील. आणि किंमत? जुन्या टोयोटाएवढी!

इथेच जरा थांबा.

आधी आकडे बघा. कॅटालिना २२चं वजन साधारण एक टन. कॅटालिना ३०चं साडेचार टनांच्या वर. लांबी आठ फुटांनी वाढली, म्हणजे दीडपटसुद्धा नाही आणि वजन चौपटीच्या पुढे गेलं. कारण बोट नुसती लांब होत नाही. ती रुंद होते, खोल होते, उंचही होते. शिडांचं क्षेत्रफळ दोनशे चौरस फुटांवरून साडेचारशेच्या घरात जातं. बाकी सगळा हिशोब या वजनातून निघतो. नांगर जड, दोर जाड, वर्षाआड तळाला लागणारा रंग जास्त, बोट पाण्याबाहेर काढायला क्रेन. बावीस फुटी बोट बिघडली तर ट्रेलरवर टाकून घरच्या ड्राइव्हवेमध्ये आणता येते. तीस फुटी बोट बिघडली की ती पाण्यातच राहते आणि मीटर चालू राहतो.

सगळ्यात जास्त फरक कळतो तो धक्क्याला लागताना. छोटी बोट वाऱ्याने जेट्टीवर आपटायला लागली तर एकजण पाय लावून तिला थोपवू शकतो आणि सवयीने सगळे तेच करतात. ही सवय मोठ्या बोटीवर घेऊन गेलात तर पाय मोडून घ्याल. साडेचार टन हळूहळू येत असले तरी ते साडेचार टनच असतात. त्यांच्या आणि लाकडी खांबाच्या मध्ये फक्त फेंडर जाऊ द्यायचा, हात-पाय कधीच नाही. शिवाय छोट्या बोटीचं मागे लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन हाताने वळवता येतं. मोठीचं इंजिन आत पोटात. रिव्हर्स टाकला की बोट सरळ मागे न येता तिची शेपूट आधी एका बाजूला, बहुतेक बोटींत डावीकडे, सरकते. ज्याला हे माहीत नाही त्याला वाटतं सुकाणू बिघडलं. ज्याला माहीत आहे तो या खोडीचाच उपयोग करून अरुंद जागेत बोट वळवतो.

त्यात सॅन फ्रान्सिस्कोची खाडी म्हणजे काही पवना लेक नाही. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून आत घुसणारा वारा वीस-पंचवीस नॉट्सचा असतो, जवळजवळ रोज. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. दहाचे वीस नॉट्स झाले की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. पुलाखालच्या ओहोटीचा वेग कधी कधी चार नॉट्सच्या वर जातो. तीस फुटी बोट फार तर साडेसहा नॉट्सने जाणार, म्हणजे ओहोटीच्या विरुद्ध घरी परतताना हातात उरले अडीच. आणि वारा आत, पाणी बाहेर, असं असेल तेव्हा लाटा उभ्या राहतात त्या वेगळ्याच. पुढच्या शिडाची दोरी अशा वेळी इतकी ताणलेली असते की विंचवर गुंडाळताना बोट मध्ये राहिलं तर ते शाबूत राहीलच असं नाही.

माझं मत विचाराल तर दोन नवशिक्या माणसांनी बावीसवरून थेट तीसवर उडी मारण्यात फारसा शहाणपणा नाही. कॅटालिना २७ साधारण तीन टनांची आहे. आत पुरेशी जागा, इंजिन बऱ्याच बोटींत आतलं आणि चूक झाली तर अजून आवाक्यात राहणारी. पण सत्तावीसचं कौतुक कुणाला सांगणार? तीसची जादू वेगळी असते, ती बघूनच लोक पाघळतात. तेव्हा तीस घ्यायचीच असं ठरलंच असेल, तर निदान डोळे उघडे ठेवून घ्या.

कॅटालिना ३० सहा हजारांहून जास्त बनल्या. याचा मोठा फायदा म्हणजे तिची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत. बघायला जाताना जुने कपडे, टॉर्च, प्लॅस्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी आणि टिश्यू पेपर एवढं न्या.

सुरुवात डेकपासून करा. डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकडाचं सँडविच. डेकवरच्या कड्या, खांब, तारांच्या पट्ट्या जिथे बसवल्यात तिथून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि आतलं लाकूड कुजतं. वरून रंग चकाचक. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, तसंच वीतवीतभर अंतरावर हातोडीने वाजवत जायचं. खणखणीत ‘टक’ आला तर ठीक. ‘थप्प’ असा मेलेला आवाज आला, पाय ठेवल्यावर डेक दबला, तर तिथे आत लगदा आहे. हातभर जागा असेल तर दुरुस्त होते. डोलकाठीच्या आजूबाजूला सगळीकडे थप्प थप्प असेल तर मालकाला नमस्कार करून निघा.

मग आत जाऊन शौचालयाचं दार लावून बघा. चेष्टा नाही. या बोटीची डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा सगळा भार आतल्या एका खांबावरून खाली तळापर्यंत जातो. जुन्या बोटींमध्ये या खांबाखाली लाकडाचा ठोकळा आहे आणि तो नेमका तिथे आहे जिथे तळातलं घाण पाणी साचतं. ठोकळा कुजला की खांब किंचित खाली बसतो, वरचा डेकही बसतो आणि बाजूच्या शौचालयाचं दार चौकटीला घासायला लागतं. मालक म्हणेल, ‘दमट हवेने लाकूड फुगलंय.’ असेलही. पण तळाची फळी उचलून टॉर्चने ठोकळा बघितल्याशिवाय मान डोलवू नका.

तिसरी जागा बोट क्रेनने वर उचलल्यावरच दिसते. बोटीखाली सुमारे एकोणीसशे किलो शिशाची कील बोल्टने जोडलेली असते. हेच वजन बोटीला वाऱ्यात उलटू देत नाही. कील आणि अंग यांच्या सांध्यात पुढच्या बाजूला एक वाकडी चीर पडते, तिला बोटवाले ‘कॅटालिना स्माइल’ म्हणतात. नाव गोड आहे. पुष्कळदा ती नुसत्या भरावाची चीर असते. घासून, बोल्ट नीट आवळून, पुन्हा भरली की झालं. पण चिरेतून गंजाचं पाणी ओघळत असेल, आतल्या बाजूला बोल्टच्या नटांचे गंजून गोळे झाले असतील, तर ते हसू महागात पडतं. जुन्या काही बोटींत कीलच्या वरच्या खुंटात प्लायवूड घातलेलं होतं, ते ओलं झालं तर काम अजून वाढतं.

डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांवरून टिश्यू पेपर हलकेच फिरवा. कागद अडकून फाटला तर तिथे तारेचा एक पदर तुटलाय. हे बोटाने बघायचं नाही, तो पदर सुईसारखा घुसतो. तारा सर्वसाधारणपणे दहा-पंधरा वर्षांत बदलायच्या असतात. मालकाला ‘शेवटच्या कधी बदलल्या?’ असं विचारल्यावर तो आकाशाकडे बघायला लागला, तर तो खर्च तुमच्या यादीत लिहून टाका. शिडं उलगडून हातात धरा. चांगल्या शिडाचं कापड कडक असतं, कागदासारखं वाजतं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीसारखं लागलं तर त्याची गोधडी होईल, पण वाऱ्यावर चढायला ते उपयोगाचं नाही.

इंजिनाबद्दल मालकाला आधीच बजावून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर काहीतरी लपवलं जातंय. गार इंजिन किती झटक्यांत सुरू होतं, मागून पाणी फेकतं का, धूर काळा, निळा की पांढरा, हे बघायचं. निळा म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाहीये. पांढरा थांबतच नसेल तर मेकॅनिकला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सत्तरीतल्या बऱ्याच बोटींत ‘अ‍ॅटॉमिक फोर’ नावाचं पेट्रोल इंजिन असतं. बिचारं चांगलं आहे, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचून बसते आणि ठिणगीची वाट बघते. म्हणून सुरू करण्याआधी दर वेळी चार-पाच मिनिटं ब्लोअर चालवून तळातली हवा बाहेर काढायची आणि नाकाने खात्री करायची. ज्याच्याकडून हे न चुकता होणार नाही, त्याने डिझेलच घ्यावं. डिझेलमध्येही जुन्या युनिव्हर्सल इंजिनांच्या वायरिंगमधले प्लास्टिकचे जोड खारट हवेत गंजून तापतात. ते बदललेत का, हे विचारा.

पाण्याच्या पातळीखाली बोटीला जितकी भोकं, तितके नळ. काही जुन्या बोटींत तिथे घरातल्यासारखे चाकाचे पितळी नळ बसवलेले असतात. खाऱ्या पाण्यात ते आतून सडतात आणि ऐन वेळी चाक हातात येतं. प्रत्येक नळ उघडून-बंद करून बघा आणि प्रत्येकाशेजारी लाकडी गुल्ली बांधून ठेवलेली नसेल तर मालक कसा होता हे त्यावरून ओळखा.

एवढं सगळं बघून बोट पसंत पडली तरी हे तुमचं स्वतःचं बघणं झालं. पैसे देण्याआधी सर्व्हेअर हवाच. ‘सॅम्स’ किंवा ‘नॅम्स’ या संघटनांची मान्यता असलेला आणि तुम्ही स्वतः शोधलेला, विकणाऱ्याने सुचवलेला नव्हे. सौदा लिहितानाच ‘सर्व्हे आणि समुद्रावरची चाचणी समाधानकारक झाली तरच’ ही अट घालायची. क्रेनचा खर्च तुमचा, सर्व्हेअरची फी तुमची, तीही फुटावर. बोट नाकारली तर हे पैसे गेले. गेले तर गेले! तो दिवस रजा टाकून पूर्णवेळ सर्व्हेअरच्या मागे मागे फिरा. जुन्या बोटीचा विमा उतरवताना कंपनी हाच रिपोर्ट मागते आणि विमा नसेल तर बहुतेक मरीना आत घेत नाहीत.

मरीनातली जागा, तिकडे तिला स्लिप म्हणतात, बोटीच्या आधी बघायची. भाडं फुटावर. आणि ‘रूमचं भाडं वाचवून बोटीवरच राहू या’ ही कल्पना ज्याच्या डोक्यात आली नाही असा बे एरियातला तरुण विरळा. आधी चौकशी करा. खाडीचं नियमन करणाऱ्या बीसीडीसीच्या धोरणानुसार मरीनातल्या दहा टक्क्यांहून जास्त जागा राहण्यासाठी देता येत नाहीत. त्या मिळायला रांग असते. चोरून राहणाऱ्यांना एक दिवस नोटीस येते.

फुकट मिळणारी बोट हा अजून एक मोह. फुकट बोटी खरंच असतात, कारण मोडीत काढायलाही पैसे लागतात. नको झालेल्या बोटी लोकांनी खाडीत टाकून देऊ नयेत म्हणून कॅलिफोर्निया सरकार त्या जमा करून घेण्याच्या योजनेला पैसा पुरवतं, यावरून काय ते समजा.

कागदपत्रांत मागच्या बाजूला उजवीकडे कोरलेला बारा अक्षरांचा नंबर कागदाशी जुळवून बघा. नोंदणी राज्याच्या डीएमव्हीकडे असेल किंवा कोस्ट गार्डकडे; दोन्हीकडे बोटीवर कुणाचं कर्ज बाकी नाही ना ते तपासायचं. खरेदीवर कर लागतो आणि मग काउंटीचा प्रॉपर्टी टॅक्स दर वर्षी येतो, होय, बोटीवरही. जानेवारी २०२५पासून इंजिन असलेली बोट चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, कॅलिफोर्निया बोटर कार्ड लागतं. शिडाची असली तरी इंजिन चालू केलं की ती मोटरबोटच.

आपल्या मंडळींसाठी एक वेगळाच मुद्दा आहे, जो तिथल्या कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. एच-वन-बीवर असताना नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. गाडी दोन दिवसांत विकली जाते. तीस फुटी जुनी बोट साठ दिवसांत जाईलच याची खात्री कुणी देत नाही आणि मालक भारतात परतला म्हणून स्लिपचं भाडं थांबत नाही. म्हणून व्हिसा कच्चा असेल तर दोघा-तिघांत भागीदारी करा. त्यातला निदान एक ग्रीन कार्डवाला असू द्या आणि कोण किती देणार, कोण बाहेर पडला तर काय, हे मैत्रीच्या भरवशावर न सोडता लिहून काढा. जमवलेल्या पैशांतले निम्मे बोटीला आणि निम्मे पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीला, हा माझा ठोकताळा. ज्यांच्याकडे पूर्ण रकमेची बोट घेण्याइतकेच पैसे आहेत, त्यांना ती बोट परवडत नाही.

जुनी बोट म्हणजे कमी दर्जाची, असं मात्र अजिबात नाही. अभिलाष टॉमी २०२२च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरा आला, ती ‘बायानात’ ही छत्तीस फुटी रस्टलर आधी २०१८च्या शर्यतीत दुसऱ्या खलाशाने चालवलेली होती. फरक इतकाच की निघण्याआधी तिची कसून डागडुजी झाली. आणि पहिला मान मिळवणारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहेली’ तर आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानी. १९६८ला तो न थांबता जगप्रदक्षिणेला निघाला तेव्हा वाटेत तिच्या सांध्यातून पाणी यायला लागलं. त्याने भर समुद्रात पाण्यात उतरून सांधा बुजवला. त्याला नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक होतं, कारण याच बोटीने तो आधी मुंबईहून इंग्लंडला गेला होता.

बोट ताब्यात आल्यावर पहिले आठ-दहा दिवस शीड उघडूच नका. वारा पडलेल्या सकाळी नुसत्या इंजिनवर धक्क्याला लावा, काढा, पुन्हा लावा. चार पैसे देऊन एखाद्या इन्स्ट्रक्टरला आपल्याच बोटीवर बोलवा. मग दोघांनी जागा बदला. जोडप्यांमध्ये हमखास दिसतं की एकजण कायम सुकाणूवर आणि दुसरा कायम दोऱ्या सांभाळायला. खाडीचं पाणी उन्हाळ्यातही पंधरा अंशांच्या आसपास असतं. सुकाणूवालाच पाण्यात पडला, तर दुसऱ्याला बोट वाऱ्यात वळवून थांबवता येते का? इंजिन सुरू करता येतं का? रेडिओवर सोळा नंबरच्या चॅनेलला ‘मेडे’ देऊन आपण कुठे आहोत ते सांगता येतं का? आणि पडलेल्याला वर कसं घेणार? बावीस फुटीवर काखेत धरून ओढता येतं. तीस फुटीची कड इतकी उंच असते की भिजलेल्या कपड्यांतला मोठा माणूस एकट्याने वर येत नाही. त्याला पट्टा अडकवून विंचने उचलावं लागतं. हे एका फेंडरला बादली बांधून, पाण्यात फेकून, दोघांनी आळीपाळीने करून बघायचं. लाइफ जॅकेट अंगावर, लॉकरमध्ये नाही.

खरेदीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. उन्हाळा संपला की हिवाळ्याचं भाडं भरायला नको म्हणून विकणारे घासाघीस करायला तयार असतात. शिवाय नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वादळांचे दिवस सोडले, तर खाडीत वारा मंद असतो. बोट वर काढून तारा, नळ, वायरिंग यांची कामं उरकायची आणि मधल्या शांत दिवसांत धक्क्याला लावायचा सराव करायचा. मार्च-एप्रिलमध्ये गोल्डन गेटमधून वारा पुन्हा जोर धरायला लागतो.